पाणी मोजून घाला: घरच्या घरी मद्याची चव घ्यायला शिकताना

ज्या बाटलीवर ४० टक्के मद्यार्क असं छापलेलं असतं, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. पिंपातून निघालेली व्हिस्की बहुतेक वेळा याहून बरीच तीव्र असते. तिच्यात पाणी घालून ती ४०, ४३ किंवा ४६ टक्क्यांवर आणतात आणि मगच बाटलीत भरतात. व्होडका, जिन, रम यांचंही तेच. म्हणजे पाणी घालायचं काम बनवणाऱ्यानेच सुरू केलेलं असतं. ग्लास हातात आल्यावर ते पुढे कुठवर न्यायचं, एवढंच तुमच्याकडे उरतं.

नवख्या माणसाला मात्र बहुधा उलटं ऐकवलं जातं: खरी मजा ‘नीट’, म्हणजे काहीही न मिसळता पिण्यात आहे, पाणी घालणं म्हणजे चव घालवणं. मला हे अजिबात पटत नाही. ज्या घोटाने डोळ्यांत पाणी येतं आणि घसा जळतो, त्या घोटात चव कळायला जागाच राहत नाही. या लेखातली प्रत्येक पायरी एकाच गोष्टीभोवती फिरते: पाणी किती, ते कुठल्या रूपात आणि कधी घालायचं. सोडा म्हणजे पाणी, बर्फ म्हणजे पाणी, शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या भांड्यात बर्फासोबत, हलवणं म्हणजेही पाणीच. हे हाताला समजलं की महागडी भांडी आणि डझनभर बाटल्या यांची गरज उरत नाही.

हा लेख ज्यांनी घ्यायचं आधीच ठरवलंय आणि ज्यांचं वय त्यांच्या ठिकाणच्या कायद्यात बसतं, अशांसाठी आहे. जे घेत नाहीत त्यांनी सुरू करावं असं यात काहीही नाही. मद्य हे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडतं. आरोग्याला अजिबात धोका नाही अशी कोणतीही मात्रा सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट केलं. गरोदरपणात, गाडी चालवायची असताना, झोपेच्या किंवा शामक गोळ्या चालू असताना, यकृताचा आजार असताना मद्य नकोच. मधुमेहाची औषधं किंवा मेट्रोनिडॅझोलसारखं प्रतिजैविक घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिली पायरी: ग्लासात काय आहे ते मोजा

अंदाजाने ओतणं हीच घरची सगळ्यात मोठी अडचण आहे. बारमध्ये माप असतं, घरी बाटली तिरकी होते आणि हात थांबेल तिथे थांबतं. रुंद ग्लासात ३० मिली इतकं थोडं दिसतं की डोळा त्याला ६० मिली करून टाकतो. म्हणून पहिली खरेदी मापाची करा. दोन टोकांना ३० आणि ६० मिली असलेलं धातूचं माप, म्हणजे जिगर, मिळतं. ते नसेल तर बेकिंगचे मोजमापाचे चमचे पुरेसे आहेत. छोटा चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली. दोन मोठे चमचे म्हणजे छोटा पेग.

आता थोडा हिशेब. मिली गुणिले टक्केवारी केलं की शुद्ध मद्यार्काचे मिली मिळतात आणि त्याला साधारण ०.८ ने गुणलं की ग्रॅम. ४० टक्क्यांच्या ३० मिली मद्यात १२ मिली मद्यार्क, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये साडेसोळा मिली. म्हणजे बिअरची एक लहान बाटली ही ४० मिली व्हिस्कीइतकी होते. ‘बिअर हलकी असते’ हे ग्लासाबद्दल खरं आहे, पोटात गेलेल्या एकूण मद्यार्काबद्दल नाही.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क पचवतं. माणसागणिक फरक पडतो, पण वेग वाढवायचा उपाय कुणाकडेच नाही. काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, मोकळी हवा यांनी माणूस जागा वाटतो, रक्तातला मद्यार्क तेवढाच राहतो. त्यामुळे संध्याकाळी किती घ्यायचं हे बाटली उघडण्याआधी ठरवा आणि तेवढंच एका छोट्या बाटलीत मोजून काढून ठेवा. मोठी बाटली पुन्हा कपाटात. ही साधी सवय इतर सगळ्या युक्त्यांपेक्षा उपयोगी आहे. रिकाम्या पोटी मद्यार्क भराभर रक्तात उतरतो, म्हणून आधी व्यवस्थित जेवा किंवा जेवणासोबतच घ्या. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी, तेही घोट घोट.

दुसरी पायरी: एकच बाटली

सुरुवातीला सहा बाटल्या आणू नका, एक आणा. मधल्या दर्जाची, सीलबंद आणि परवानाधारक दुकानातूनच. कुणी स्वस्तात देतंय, कुणी घरी गाळलंय, अशा बाटलीला हात लावू नका. मिथेनॉल मिसळलेलं मद्य वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, आणि त्याचे परिणाम कित्येकदा अर्ध्या ते एका दिवसानंतर दिसतात: धूसर दिसणं, पोटात कळा, धाप. अशी शंका आली तर वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

कुठली बाटली? ज्याचा वास तुम्हाला आवडतो ती, पण ढोबळ ओळख असलेली बरी. व्हिस्की धान्यापासून. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीमध्ये निदान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेली नवी ओकची पिंपं लागतात, त्यातून तो व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो. रम उसाच्या रसापासून किंवा मळीपासून. ब्रँडी द्राक्षांच्या किंवा इतर फळांच्या वाइनपासून. टकीला मेक्सिकोतल्या निळ्या अगाव्हेच्या, म्हणजे घायपाताच्या एका जातीच्या गाभ्यापासून. तिच्या लेबलवर शंभर टक्के अगाव्हे लिहिलंय का ते जरूर बघा, नसेल तर निम्म्यापर्यंत इतर साखरेचा मद्यार्क असू शकतो. व्होडका जवळपास निर्गंध. जिन म्हणजे तसाच स्वच्छ मद्यार्क, पण जुनिपरच्या फळांचा वास दिलेला. ‘लंडन ड्राय’ लिहिलेली जिन लंडनमध्ये बनलेली असेलच असं नाही. त्या नावाचा संबंध बनवण्याच्या पद्धतीशी आहे: गाळल्यानंतर तिच्यात वेगळा स्वाद किंवा रंग घालत नाहीत आणि साखर जवळपास नसतेच.

रंगावर जाऊ नका. गडद म्हणजे जुनी असा समज पक्का रुजलेला आहे, पण स्कॉचमध्येही कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे. उलट काही पांढऱ्या रम पिंपात मुरवून मग कोळशातून गाळून रंगहीन केलेल्या असतात. वय कळतं ते लेबलवरच्या आकड्यावरून, आणि तो आकडाही मिश्रणातल्या सगळ्यात तरुण मद्याचा असतो.

तिसरी पायरी: तीन ग्लास, एक छोटा पेग

माझ्या मते हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे घाई करू नका. तीन सारखे ग्लास घ्या. पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते असले तर उत्तम, छोटे वाइनचे ग्लास चालतील. प्रत्येकात १० मिली मद्य, म्हणजे दोन छोटे चमचे. तिन्ही मिळून एकच छोटा पेग होतो.

पहिला ग्लास तसाच ठेवा, तो ४० टक्के. दुसऱ्यात अर्धा छोटा चमचा पाणी घाला, तो ३२ टक्क्यांवर आला. तिसऱ्यात मद्याइतकंच पाणी, म्हणजे २० टक्के. पाणी साधं पिण्याचं, खोलीच्या तपमानाचं, क्लोरीनचा वास नसलेलं. बर्फ आत्ता नको. थंडपणा वास दाबून टाकतो आणि आपल्याला नेमका वास शोधायचाय.

आधी हुंगा. नाक ग्लासात खुपसू नका, मद्यार्काची वाफ नाकाला बधिर करते. ग्लास हनुवटीपाशी आणा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि हलका श्वास घ्या. मग ग्लास जरा वर. मग चव. पहिला घोट अगदी इवलासा, तो फक्त तोंडाला सवय व्हावी म्हणून असतो. त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, क्षणभर थांबा, गिळा आणि नाकाने श्वास सोडा. चवीतलं बरंचसं वासातून कळतं आणि तो वास गिळल्यानंतर घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो. शॉटसारखं गटकन गिळणाऱ्याला हे सगळं हुकतं.

तिन्ही ग्लासांतून फेऱ्या मारा आणि काय जाणवतं ते कागदावर लिहा. मोठे शब्द नकोत. ‘धूर’, ‘मध’, ‘ओलं लाकूड’, ‘संत्र्याची साल’, ‘औषधासारखं’, काहीही चालेल. बहुतेकांना दुसऱ्या ग्लासात वास जास्त मोकळे झालेले जाणवतात आणि तिसऱ्यात गोडवा पुढे येतो. काही मद्यं मात्र तिसऱ्या ग्लासात फिकी पडतात. ती बाटली कमी पाण्याची, एवढं तुम्हाला कळलं. पाण्याने नेमकं काय घडतं यावर स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर अभ्यास केला. व्हिस्कीला धुराचा वास देणारं ग्वायाकॉल हे संयुग त्यांनी पाहिलं. मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर असताना ते द्रवाच्या आत ओढलं जातं आणि ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणलं की पृष्ठभागाशी येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. थेट पिंपातल्या तीव्रतेची व्हिस्की कधी हाती आलीच तर पाणी घालायला कचरू नका.

हाच प्रयोग तुम्ही कुठल्याही मद्यावर करू शकता. ऊझो, पास्तीस, राकी अशा बडीशेपेच्या कुळातल्या मद्यात तर पाणी पडताक्षणी ग्लास दुधाळ होतो. मद्यार्कात विरघळलेलं ॲनेथॉल हे तेल पाणी वाढल्यावर बारीक थेंबांच्या रूपात बाहेर येतं. मद्य खराब झालेलं नसतं. ते तसंच प्यायचं असतं.

चौथी पायरी: बर्फ

बर्फाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘बर्फ कमी टाक, नाहीतर पाणचट होईल’ असं म्हणतात. होतं उलटं. दोनच खडे टाकले की कोमट मद्य त्यांना भराभर वितळवतं, ग्लास नीट थंडही होत नाही आणि पाणी मात्र होतं. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर मद्य लवकर थंड होतं आणि मग वितळणं मंदावतं. बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळूनच. एक ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल उष्णता शोषून घेतो. थंडपणा हवा तर थोडं पाणी येणारच. ते किती यायचं, हे बर्फाच्या आकाराने आणि संख्येने ठरवता येतं.

हळूहळू घोट घ्यायचे असतील तर एक मोठा खडा. त्याचा पृष्ठभाग त्याच वजनाच्या लहान खड्यांपेक्षा कमी, म्हणून तो टिकतो. वाटीत किंवा सिलिकोनच्या मोठ्या साच्यात सहज होतो. सोड्याच्या उंच ग्लासाला नेहमीचे चौकोनी खडे, पण ग्लास भरून. चुरा केलेला बर्फ फक्त खूप गोड, खूप तीव्र पेयांना.

फ्रीजरमधला बर्फ आजूबाजूचे वास पकडतो. साचा झाकून ठेवा आणि जुना बर्फ फेकून द्या. अगदी काचेसारखा बर्फ हवा असेल तर जाड भिंतींचा, झाकण नसलेला थर्माकोलचा किंवा पिकनिकचा छोटा डबा पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवा. चारी बाजू आणि तळ उष्णतारोधक असल्याने पाणी फक्त वरून खाली गोठत जातं आणि विरघळलेली हवा तळाकडे ढकलली जाते. पूर्ण गोठायच्या आधी बाहेर काढा, वरचा थर पारदर्शक मिळतो. चवीत मोठा फरक पडत नाही, पण बघायला सुंदर दिसतो आणि तेवढ्यासाठीही करून पाहण्यासारखा आहे.

व्होडकाची बाटली फ्रीजरमध्ये ठेवता येते. ४० टक्क्यांचं मद्य घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांना गोठत नाही, फक्त जरा दाट होतं. इतकं गार मद्य घशाला चटका देत नाही आणि म्हणूनच भराभर जातं, तेव्हा माप सोडू नका. सोड्याची बाटली मात्र फ्रीजरमध्ये कधीही विसरू नका, ती फुटते.

पाचवी पायरी: उंच ग्लास

नवख्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा असं मला वाटतं. एक भाग मद्य, तीन भाग सोडा किंवा दुसरं काही. ४५ मिलीत १३५ मिली घातलं की ४० टक्क्यांचं १० टक्क्यांवर येतं आणि ग्लास बराच वेळ पुरतो.

क्रम महत्त्वाचा. उंच ग्लास बर्फाने भरा. मद्य मोजून ओता आणि ते गार होईपर्यंत ढवळा. वितळलेलं पाणी फार वाटलं तर ते आधीच निथळून टाका. मग फ्रीजमधला गारेगार सोडा ग्लासाच्या कडेने हळू सोडा. एकदा, फक्त एकदाच, लांब चमचा तळाशी नेऊन वर उचला. झालं. ० अंशाच्या पाण्यात २० अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड मावतो, म्हणून कोमट सोडा ओतला की सगळे बुडबुडे बर्फावर आपटून उडून जातात. सोड्याच्या लहान बाटल्या घ्या, अर्धी उरलेली मोठी बाटली दुसऱ्या दिवशी कामाची नसते.

कशात काय? व्हिस्कीला साधा सोडा, वर लिंबाच्या सालीचा एक काप पिळून. सालीतलं तेल पृष्ठभागावर पसरलं की पहिल्या वासातच फरक कळतो. जिनला टॉनिक वॉटर. त्याचा कडवटपणा क्विनीनचा. १८२० साली सिंकोनाच्या सालीपासून ते वेगळं काढलं गेलं आणि मलेरियावर दिलं जाऊ लागलं. आजच्या टॉनिकमध्ये ते फारच थोडं असतं आणि साखर मात्र बरीच, म्हणून सोडा आणि टॉनिक निम्मं निम्मं करून बघा. मला तसंच जास्त आवडतं, जुनिपर नीट कळतं. क्विनीन ज्यांना सोसत नाही त्यांनी टॉनिक टाळावं. गडद रमला जिंजर एल, म्हणजे आल्याच्या स्वादाचा गोड सोडा, किंवा कोला आणि अर्धं लिंबू. लिंबू विसरू नका, त्याशिवाय ते नुसतं गोड होतं. व्होडकाला झणझणीत जिंजर बिअर (तेही आल्याचंच पेय, नेहमीची बिअर नव्हे) आणि लिंबू. टकीलाला लिंबूवर्गीय आंबट सोडा, म्हणजे ग्रेपफ्रूटचा, आणि चिमूटभर मीठ. ब्रँडीला जिंजर एल चांगलं जमतं, याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात.

एनर्जी ड्रिंकमध्ये मद्य मिसळू नका. कॅफीनमुळे चढलेली जाणवत नाही, पण चढलेली असतेच.

सहावी पायरी: आंबट, गोड आणि शेकर

इथून कॉकटेलचं दार उघडतं आणि एका प्रमाणावर डझनभर पेयं उभी राहतात. मद्य ४५ मिली, ताजा लिंबूरस २० मिली, साखरेचा पाक २० मिली. चमच्यांत सांगायचं तर तीन मोठे, चार छोटे, चार छोटे. पांढरी रम घेतली तर डायकिरी झाली. व्हिस्की घेतली तर व्हिस्की सावर. जिन घेऊन वर सोडा ओतला की टॉम कॉलिन्स. टकीला घेऊन पाकाऐवजी संत्र्याची लिकर घातली की मार्गारिटा, पण लिकर स्वतःच मद्य आहे, तिचे मिली हिशेबात धरा.

पाक सोपा आहे. साखर आणि पाणी सारख्याच मापाने, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळत बसायचं नाही. गार झाल्यावर स्वच्छ बाटलीत भरून फ्रीजमध्ये. दोनेक आठवडे टिकतो, ढगाळ दिसला तर फेका. लिंबूरस मात्र त्याच दिवशी पिळलेला हवा. बाटलीतल्या तयार रसाने हे पेय बिघडतं आणि दोष मद्याला दिला जातो.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. तिन्ही गोष्टी आत, वर भरपूर बर्फ, झाकण नीट लावा, फडक्यात धरा आणि दहा-पंधरा सेकंद जोराने हलवा. बरणी हाताला बोचेल इतकी गार लागली पाहिजे. गाळणीतून गार ग्लासात ओता. आता एक गोष्ट करून बघा: हलवण्याआधी द्रव किती होता आणि गाळल्यावर किती झाला ते मापाने मोजा. पाव ते निम्म्याने वाढलेला दिसेल. ते वाढलेलं पाणी पाककृतीत कुठेच लिहिलेलं नसतं, पण त्याच्याशिवाय ते पेय पिववणार नाही. सोड्याचं पेय कधी शेकरमध्ये हलवू नका, झाकण उडतं.

लिंबं सारखी नसतात. पहिल्यांदा चव घ्या. तोंड आंबलं तर छोटा चमचाभर पाक, फार गोड वाटलं तर चार थेंब रस. तुमचं प्रमाण सापडलं की बाटलीवर चिकटवून ठेवा.

सातवी पायरी: ढवळलेलं पेय

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने १८०६ साली कॉकटेलमध्ये काय काय असतं ते वाचकांना सांगितलं होतं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबाथेंबाने घालायचा वनस्पतींचा कडू अर्क. चारच गोष्टी, आणि त्यातलं एक सरळ पाणी. ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेल आजही त्यावरच उभं आहे. ६० मिली बर्बन किंवा मुरलेली रम, एक छोटा चमचा पाक, बिटर्सचे दोन शिंतोडे, भरपूर बर्फ. हे हलवायचं नाही, अर्धा मिनिट शांतपणे ढवळायचं. रस असेल तर हलवा, नुसतंच मद्य असेल तर ढवळा, एवढा नियम पुरतो. मग मोठा बर्फ घातलेल्या ग्लासात ओता आणि संत्र्याची साल वर पिळा. हा मोठा पेग आहे हे ध्यानात ठेवा. एकच, आणि सावकाश. पहिला घोट तीव्र लागेल, दहा मिनिटांनी तेच पेय मवाळ होईल. बर्फ वितळताना चव कशी सरकत जाते ते लक्ष देऊन बघण्यात फार मौज आहे.

थंडीत गरम पेयही करता येतं. ३० ते ४५ मिली ब्रँडी, रम किंवा व्हिस्की, चमचाभर मध, लिंबाची फोड, एक लवंग आणि १२० मिली गरम पाणी. पाणी उकळतं नको. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो आणि वाफेबरोबर थेट नाकात जाऊन ठसका लागतो. याने सर्दी बरी होत नाही, घशाला ऊब मिळते इतकंच.

घरी माणसं आली तर

प्रत्येकाला विचारून ओता आणि कुणाचा अर्धा झालेला ग्लास पुन्हा भरू नका, त्याने त्याचा हिशेब तुटतो. न घेणाऱ्यांसाठीही तितकंच मन लावून काही करा: लिंबूरस, पाक, बिटर्सऐवजी किसलेलं आलं आणि गार सोडा, त्याच उंच ग्लासात. ‘का घेत नाहीस?’ हा प्रश्न नकोच. गाडी कोण चालवणार हे पहिल्या ग्लासाआधी ठरवा.

कुणी हाक मारूनही जागं होत नसेल, श्वास फार संथ किंवा तुटक असेल, ओठ निळसर, अंग गार पडलं असेल तर ‘झोपू दे’ म्हणून सोडून देऊ नका. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत जवळ बसा. उलटी करवायचा प्रयत्न करू नका.

उरलेल्या बाटलीचं

बाटली उभी ठेवा, आडवी नाही. वाइनचं बूच ओलं राहावं म्हणून ती आडवी ठेवतात, पण ४० टक्क्यांचा मद्यार्क बुचाला कुजवतो. जागा अंधारी आणि गार, शेगडीपासून लांब. या तीव्रतेच्या मद्याची वाफ साधारण २६ अंशांच्या पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून पेटत्या शेगडीवरच्या भांड्यात बाटलीतून थेट ओतू नका आणि पेटवलेल्या पेयांचे खेळ घरी करू नका. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं कुलपाचं कपाट असेल तर तेच निवडा.

न उघडलेली बाटली वर्षानुवर्षं तशीच राहते, काचेत ती आणखी मुरत नाही. उघडलेली बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर महिनोन्महिने छान राहते. तळाला आली की आतली हवा वास खाते, तेव्हा ती छोट्या बाटलीत काढा किंवा पाहुण्यांना द्या. वर्मूथ म्हणजे वाइनच, जेमतेम १६-१८ टक्क्यांची. उघडल्यावर ती फ्रीजमध्येच ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. सायीची लिकर असेल तर लेबलवरची तारीख पाळा. दुसरी बाटली आणायची ती पहिलीच्या कागदावर काय लिहिलंय ते बघून: धूर आणि लाकूड आवडलं असेल तर दुसरी व्हिस्की किंवा मुरलेली रम, साल आणि वनस्पतींचे वास आवडले असतील तर जिन, आणि पाण्यासकट गोडवा आवडला असेल तर ब्रँडी.